फराट्यालाही सही म्हणायचं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: एका वाचकांना स्वाक्षऱ्या जमवण्याचा छंद आहे. सुरुवात त्यांच्या वडिलांनी केली. कार्यक्रम संपला की ते थांबून राहायचे आणि गर्दी ओसरली की वही घेऊन पुढे जायचे. वडिलांच्या पश्चात ती वही यांच्याकडे आली आणि हे त्यात भर घालत राहिले. वहीतली प्रत्येक सही वाचता येते. काहींनी तारीख घातली आहे, एखाद्याने चार शब्दही लिहून दिले आहेत. आपण मिळवलेल्या सह्या मात्र वर्षागणिक बिघडत गेल्या, असं ते लिहितात. या बहुतेक सह्या कठड्यापलीकडून, घाईगर्दीत, फोटोंवर घेतलेल्या आहेत. त्यांत आधी आडनाव गेलं, मग नावातली मधली अक्षरं गेली, आता उरते एक उभी रेघ आणि तिला जोडलेला फराटा. नुकताच त्यांनी आवडत्या गायकाचा 'स्वतः सही केलेला' अल्बम आगाऊ पैसे भरून मागवला. तो उघडल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, यात सही कुठेय?" तेव्हापासून फसवलं गेल्यासारखं वाटतंय. ते विचारतात, मोठ्या माणसांना चाहत्यांची किंमत उरली नाही का? अशा सह्यांना पुढे काही मोल राहील का? की सगळा संग्रह विकून हा नाद सोडून द्यावा?

नमस्कार,

विकण्याचा विचार आधी बाजूला ठेवा. रागाच्या भरात काढलेला संग्रह स्वस्तात जातो, आणि ज्या चार गोष्टींची पुढे हळहळ वाटेल, त्याच घेणारा आधी उचलतो. काही महिन्यांनीही विकावासा वाटला, तर तेव्हा शांतपणे विका. उरलेल्या दोन प्रश्नांबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण अशा आशयाची पत्रं इतर संग्राहकांकडूनही येतात.

तुमचं दुःख मला किरकोळ वाटत नाही. कुणी आपलं नाव स्वतःच्या हाताने, पूर्ण, आपल्या वहीत लिहितो, तेव्हा तेवढा वेळ तो फक्त आपल्यासाठी थांबलेला असतो. तो थांबला होता की नाही, हे कागदावर दिसतं. तुम्हाला फराटा पाहून जे टोचलं, ते हेच असावं. पण पत्रातली काही गृहीतकं मला तपासून पाहावीशी वाटतात.

पूर्वी सह्या चांगल्या होत्या, आता वाईट झाल्या, असं तुम्ही म्हणता. तुमच्या वडिलांच्या वहीपुरतं ते खरं आहे. पण वडील गर्दी ओसरेपर्यंत थांबायचे, हेही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे समोरचा माणूस मोकळा झालेला, वहीला खाली टेकण, मागून कुणी रेटत नाही. तुमच्या सह्या कठड्यापलीकडून घेतलेल्या. फोटो हवेत धरलेला, कागद गुळगुळीत, हातात जाड टोकाचा मार्कर, आणि एकाच वेळी दहा हात पुढे आलेले. एकच माणूस या दोन ठिकाणी दोन वेगळ्या सह्या करेल. काळ बदलला हे खरंच आहे, पण तुमची सही मागण्याची जागाही बदलली, आणि ती बदलणं तुमच्या हातात आहे.

शिवाय ही घसरण आजची नाही. नेपोलियनची पत्रं पाहा. तरुणपणी तो आडनाव पूर्ण लिहायचा. १८०४ मध्ये सम्राट झाल्यावर 'नेपोलियन' एवढंच राहिलं. पुढे सहीसाठी येणाऱ्या कागदांचा ढीग वाढत गेला, तसं त्याचं 'नॅप' झालं, मग दोन अक्षरं, आणि शेवटी नुसता 'एन'. संग्राहक आज या सगळ्या तऱ्हा जपतात, कारण त्यांवरून पत्र कोणत्या काळातलं याचा अंदाज येतो. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनने १७९७ मध्ये तेनेरिफच्या लढाईत उजवा हात गमावला. त्यानंतरच्या त्याच्या सह्या डाव्या हाताच्या आहेत, आधीच्या सह्यांहून पार वेगळ्या. शेक्सपिअरच्या म्हणून सर्वसाधारणपणे सहाच सह्या मानल्या जातात. त्या एकमेकींशी जुळत नाहीत, काहींत तर नाव मध्येच तोडलेलं आहे. यांतली कुठलीही सही अक्षराच्या स्पर्धेत टिकणार नाही, तरी त्या माणसाचा त्या दिवसाचा हात तिच्यात आहे.

वाचता येते ती खरी आणि फराटा म्हणजे फसवणूक, हा समज मला जास्त धोक्याचा वाटतो. १९३० च्या दशकातली हॉलीवूडची तारका जीन हार्लो हिच्या चाहत्यांना सही केलेले सुंदर फोटो पोस्टाने मिळत. त्यांतल्या बहुतेकांवर सही तिच्या आईची असे. बीटल्स ही ब्रिटिश गायक-वादक चौकडी भरात असताना नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स हे त्यांचे सहायक चौघांच्याही सह्या करून देत. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या नावाने गेलेल्या कितीतरी पत्रांवर यंत्राने सही केलेली आहे. आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढून खेळाडूंच्या खोट्या सह्यांचा धंदा उघडकीला आणला, तेव्हा त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही निघाले होते. या मालासोबत अस्सलपणाची प्रमाणपत्रंही दिली जात. खोटी सही करणाऱ्याला सराव करायला हवा तेवढा वेळ असतो, खऱ्या माणसाला तो नसतो. म्हणून वडिलांनी समोर उभं राहून घेतलेल्या सह्यांवर शंका घेऊ नका, पण त्याच वहीत पोस्टाने आलेले फोटो चिकटवलेले असतील, तर ते कितीही वळणदार असले तरी त्यांची नोंद वेगळी ठेवा.

आता किंमत उरली नाही का, या प्रश्नाकडे येते. माझ्या मते झालंय उलटंच. सहीला पैशांत इतकी किंमत आली की सही करणारा माणूस धास्तावला. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांनी कितीतरी वर्षं सह्या दिल्या. त्या विकल्या जातात आणि त्यांच्या नकलाही फिरतात हे लक्षात आल्यावर, १९९४ मध्ये त्यांनी सही देणं थांबवलं. बीटल्समधले रिंगो स्टार यांनी २००८ मध्ये जाहीर केलं की २० ऑक्टोबरनंतर पोस्टाने आलेल्या कशावरही सही मिळणार नाही. आज कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला समोरचे दहा हात सारखेच दिसतात. त्यांतला चाहता कोण आणि संध्याकाळी लिलावाला टाकणारा कोण, हे त्याला कळायला मार्ग नाही. तुमच्या वाट्याला आलेल्या फराट्यात तुमच्याबद्दलचं मत शोधू नका, त्याने तुम्हाला पाहिलेलंही नसेल. कित्येक प्रसिद्ध माणसं बँकेतली सही वेगळी आणि चाहत्यांसाठीची वेगळी ठेवतात. त्यामागे सावधपणा आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

पण तुमचा अल्बम कठड्याशी मिळालेला नाही, तो विकत घेतलेला आहे. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. सही ही मालाला जोडून विकायची गोष्ट कशी झाली, हे समजून घ्या. १९९० मध्ये खेळाडूंची चित्रकार्डं पाकिटांतून विकणाऱ्या अमेरिकेतल्या एका कंपनीने बेसबॉलपटू रेजी जॅक्सन यांची सही असलेली २,५०० कार्डं आपल्या पाकिटांत मिसळली. कल्पना चालली. पुढे पुढे खेळाडूंसमोर कार्डंही येईनाशी झाली. पारदर्शक चिकटपट्ट्यांचे ताव येतात, त्यांवर सह्या करून द्यायच्या, कंपनी त्या नंतर कार्डांवर लावते. पुस्तकांचंही तेच. लेखकाकडे सुट्या पानांचे गठ्ठे जातात आणि सही झालेलं पान मागाहून पुस्तकात बांधलं जातं. २०२० च्या महामारीत भेटीगाठी बंद झाल्या, तेव्हा ही पद्धत आणखी रुळली. सही करणाऱ्यासमोर माणूस नाही, पुस्तक नाही, फक्त ढीग.

त्या ढिगाचं गणित करून बघा. ५,००० पानांवर पूर्ण नाव लिहायचं आणि एका पानाला दहा सेकंद धरली, तर जवळजवळ चौदा तास लागतात. तीन सेकंदांत उरकायचं ठरवलं, तर चार तास दहा मिनिटं. हात आपोआप लहान वाट शोधतो. आधी मधली अक्षरं सपाट होतात, मग शेवटची जातात, पहिलं अक्षर तेवढं टिकतं, कारण सुरुवात तिथून होते. तुमच्या पत्रातला क्रम हुबेहूब हाच आहे. थकलेल्या मनगटाला मी दोष देणार नाही. पण ५,००० हा आकडा कुणीतरी ठरवलेला असतो, आणि प्रत्येक प्रतीमागे त्या सहीचे जादा पैसे घेतलेले असतात. पैसे घेऊन दिलेलं नाव वाचता आलं पाहिजे. पाचशेच प्रतींवर सही होणार असेल तर पाचशेच विका.

२०२२ मध्ये अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांच्या पुस्तकाच्या ९०० प्रती, प्रत्येकी सुमारे ६०० डॉलरना, स्वतः सही केलेल्या म्हणून विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतींचे फोटो एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा सह्या तंतोतंत जुळत असल्याचं दिसलं. त्या यंत्राने केलेल्या होत्या. प्रकाशकाला पैसे परत करावे लागले. डिलन यांनीही चूक झाल्याचं मान्य केलं. २०१९ पासून चक्कर येण्याचा त्रास आहे, म्हणून यंत्र वापरल्याचं त्यांनी सांगितलं. हा छडा सामान्य चाहत्यांनी लावला, तोही घरबसल्या, हे तुम्ही लक्षात घ्यावं असं मला वाटतं.

तेच तुम्ही आता करा. त्याच आवृत्तीच्या आणखी दोन-तीन प्रतींवरच्या सहीचे फोटो मिळवा. हाताने केलेल्या दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या तर कुठेतरी सरकतातच. अजिबात सरकल्या नाहीत, तर यंत्राचा संशय घ्या. यंत्राच्या रेषेत दाब पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा असतो, आणि पेन टेकतं तिथे व उचलतं तिथे बरेचदा ठिपका दिसतो. हाताची रेघ वेगात निघते आणि सुटताना बारीक होत जाते. भिंगाखाली शाईऐवजी छपाईचे बारीक ठिपके दिसले, तर ती सही छापलेली आहे. यांपैकी काही आढळलं तर फोटो जोडून विक्रेत्याला लेखी कळवा आणि पैसे परत मागा. सही हातची निघाली आणि तरी फराटाच असली, तरीही लिहा. परतावा मिळेलच असं नाही. पण ग्राहक सहीकडे बघतात, हे विकणाऱ्याला कळलं पाहिजे.

अशा सांगण्याने सह्या सुधारतात. मिनेसोटा ट्विन्सचे बेसबॉलपटू हार्मन किलब्रू निवृत्तीनंतर संघातल्या तरुण खेळाडूंच्या सह्या तपासायचे. टोरी हंटर, मायकेल कडायर यांच्यासारख्यांना त्यांनी बजावलं की कागद घेणाऱ्या मुलाला तुझं नाव वाचता आलं पाहिजे. त्या खेळाडूंनी पुढे सह्या नीट केल्या. अमेरिकेचे अर्थमंत्री झालेले जॅक ल्यू यांची सही म्हणजे वेटोळ्यांची माळ होती. ती नोटांवर छापली जाणार म्हटल्यावर २०१३ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनी जाहीर कार्यक्रमात त्यावर टिप्पणी केली, आणि नोटेवर आली ती वाचता येणारी सही. मोठ्या वयातही सही बदलता येते. कुणीतरी मनापासून मागावं मात्र लागतं.

म्हणून मागायला लाजू नका. "कृपया पूर्ण नाव लिहाल का?" हे आधीच, पेन हातात देताना विचारा, सही झाल्यावर विचारलं तर ती तक्रार वाटते. एकच वस्तू पुढे करा. खाली कडक पुठ्ठा धरा, पेन तुमचं द्या, आणि ते त्याच कागदावर आधी चालवून बघा. गुळगुळीत फोटोवर मार्करची शाई काही वेळ ओली राहते, तो लगेच मिटू नका. तुमचं किंवा मुलीचं नाव घालून द्यायची विनंती करा. नाव घातलं की विक्रीची किंमत कमी होते, असं बाजारात ऐकायला मिळतं आणि बरेचदा ते खरंही असतं. पण त्यामुळे समोरच्याची धास्ती जाते, तो मान वर करून बघतो, आणि सही निवांत येते. तुम्ही विकण्यासाठी जमवत नसाल, तर हा सौदा तुमच्या फायद्याचाच आहे. आणि नाव कसं लिहायचं हे ऐनवेळी सांगत बसण्यापेक्षा ते आधीच मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून न्या.

पुढच्या मोलाबद्दल. पूर्ण सही आणि आद्याक्षरं यांत जाणकार नेहमीच फरक करतात, तो राहणार. फराट्याची खरी अडचण वेगळी आहे. ज्यात अक्षरंच नाहीत त्याची नक्कल कुणीही करू शकतो, आणि खरी सही ओळखायला तज्ज्ञाच्याही हाती फार काही उरत नाही. त्यामुळे आजच्या सह्यांच्या बाबतीत कागदावरच्या रेघेइतकीच तिच्यामागची हकीकत मोलाची ठरेल. प्रमाणपत्र घ्याल तर एवढं विचारा, हे देणाऱ्याने सही होताना पाहिली होती, की नंतर बघून मत दिलंय? दोन्हींत फार अंतर आहे. तुम्ही स्वतः घेतलेल्या सहीला मात्र तुमच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. सही होत असतानाचा फोटो, कार्यक्रमाचं तिकीट, आणि त्याच रात्री एका वेगळ्या कार्डावर तारीख, ठिकाण, काय बोलणं झालं हे लिहून ठेवा. सहीच्या पानावर काही लिहू नका. वडिलांच्या वहीसाठीही हे करा. घरातल्या कुणाकुणाला त्या भेटी आठवत असतील, त्यांच्याकडून आताच लिहून घ्या. वही प्लॅस्टिकमध्ये गरम करून बंद करण्याचा मोह टाळा, ते पुन्हा सुटत नाही. आम्लरहित कागद वापरा, पीव्हीसीची पाकिटं नकोत. भिंतीवर लावायची असेल तर प्रत लावा, मूळ सही अंधारात राहू द्या, कारण मार्करची शाई उजेडाने उडत जाते.

शेवटचं मला जरा भीतभीतच सुचवायचं आहे, कारण आवड ज्याची त्याची असते. ज्यांच्याभोवती सगळ्यात जास्त गर्दी, त्यांच्याच सह्या जमवायच्या असा नियम नाही. अमेरिकी गायिका टेलर स्विफ्ट यांनी २०१४ मध्येच लिहिलं होतं की पुढचा कॅमेरा असलेला फोन आला, तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी सही मागत नाही, सगळ्यांना सेल्फी हवी असते. म्हणजे सही मागणारे मोठ्या गर्दीतही कमी होत चाललेत, आणि गर्दीपासून थोडं लांब उभ्या असलेल्या माणसांकडे तर कुणी जातच नाही. तुम्हाला गाणं आवडतं, तर त्या अल्बमवर वाजवणारे वादक आहेत, ध्वनिमुद्रण करणारे आहेत, गीतकार आहेत. संशोधक, अनुवादक, चित्रकार, निवृत्त खेळाडू आहेत. ही माणसं सही करायला खाली बसतात. मुलीलाही यात घ्या, पण कुणाची सही हवी हे तिचं तिला ठरवू द्या.

त्यांना पत्र लिहा. हाताने, एका पानात, त्यांच्या कुठल्या कामाने तुम्हाला काय दिलं ते नेमकं सांगून. सहीऐवजी एखादा प्रश्न विचारलात तर आणखी चांगलं, कारण उत्तर आलं तर त्याखाली सही येतेच, आणि वर त्यांच्या अक्षरातल्या ओळीही येतात. उत्तराचं पाकीट स्वतःचा पत्ता आणि तिकीट लावून आत ठेवा. परत न मिळाल्यास चालणार नाही अशी वस्तू कधीच पाठवू नका. उत्तराला महिने लागू शकतात, दुसरं पत्र घाईने धाडू नका. आणि आलेलं पाकीट फेकू नका, त्यावरच्या शिक्क्याची तारीख पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते.